बाळाच्या छातीच्या फोटोत दिसणारा थायमस: रिपोर्टात लिहावा की नाही?

फिल्मवाली_नौपाडा
नमस्कार मंडळी. ठाण्यात एका एक्सरे-सोनोग्राफी सेंटरमध्ये मी चौदा वर्षं टेक्निशियन आहे. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, फोटो नीट काढणं हे माझं काम. पण मंगळवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

कळव्याहून एक बाबा पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन आले होते. खोकला, बारीक ताप, डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितलेला. सोबत बाळाची आजी. आजीला लेडचा ॲप्रन घातला आणि बाळाचे हात वर, कानांशी धरायला सांगितले. बाबांनी पाय धरले. बाळ जीव तोडून रडलं. रडणारं बाळ आधी लांबलचक श्वास सोडतं आणि मग एकदम आत ओढतं. तो ओढलेला श्वास पकडायचा असतो. माझा तो क्षण हुकला. फोटो श्वास सोडलेला आला, त्यात बाळ किंचित वळलेलं. हृदयाच्या वर उजव्या बाजूला पांढरा त्रिकोण, कड एकदम रेखीव. तो त्रिकोण माझ्या ओळखीचा आहे, तान्ह्या मुलांच्या फोटोत कितीदा तरी दिसतो. तो थायमस, बाळांच्या छातीत असणारी नेहमीची ग्रंथी.

रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. तेवढ्यात बाबांनी स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. रात्री साडेआठला सेंटरच्या नंबरवर फोन. आवाज कापत होता. "ताई, छातीत गाठ आहे का हो? माझा मेव्हणा लॅबमध्ये असतो, तो म्हणतोय हे साधं नाही." रिपोर्ट त्यांच्या हातातच होता. फुफ्फुसांत दोष नाही, हृदय ठीक. त्रिकोणाबद्दल अवाक्षर नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने ते नॉर्मल, म्हणून लिहिलं नाही. पण त्या बापाला तर तो दिसत होता ना!

मला वाटतं, "थायमस दिसतो, वयाला योग्य" एवढी ओळ प्रत्येक तान्ह्या बाळाच्या रिपोर्टात असायलाच हवी. तुम्हाला काय वाटतं? आईबाबांनी लिहा, इथे डॉक्टर असतील तर त्यांनी जरूर लिहा.

ओवीची_आई
ताई, हा धागा मला दीड वर्षापूर्वी हवा होता.

आम्ही ऐरोलीला राहतो. ओवी तेव्हा सात महिन्यांची. छातीत घरघर म्हणून एका रुग्णालयात (नाव नको) फोटो काढला. रिपोर्टात होतं, 'सुपीरियर मीडियास्टायनल वायडनिंग, सीटी सुचवला आहे.' म्हणजे छातीचा मधला भाग वरच्या बाजूला रुंद दिसतोय. शुक्रवारची संध्याकाळ. सीटीची वेळ सोमवारी सकाळची, बाळाला गुंगीचं औषध देणार, आधी काही तास दूध बंद. मीडियास्टिनम म्हणजे दोन फुफ्फुसांमधला भाग, हे मी रिक्षात बसून मोबाईलवर वाचलं आणि त्याच्यापुढे जे जे आलं तेही वाचलं. ते वाचायला नको होतं.

दोन रात्री सासूबाईंनी ओवीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी शेजारी बसून तिचे श्वास मोजत होते. रविवारी ओळखीतून वाशीच्या एका बालरोगतज्ज्ञांनी घरी बोलावलं. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली, ओवीला तपासलं, आणि म्हणाले, "ही खेळतेय, दूध पितेय, वजन वाढतंय. सीटी राहू दे, आधी सोनोग्राफी करू."

सोनोग्राफीवाल्या मॅडमनी जेलची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली होती, हे मी कधी विसरणार नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला छोटा प्रोब ठेवला. स्क्रीनवर करडा गोळा, त्यात बारीक बारीक चांदण्या. ओवी रडली की त्याचा आकार बदलायचा. मॅडम म्हणाल्या, "बघा किती मऊ आहे. हृदयाच्या ठोक्याबरोबर हलतोय, श्वासाबरोबर बदलतोय. हा थायमस, सगळ्या बाळांना असतो." सीटी रद्द. मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

वाचनमात्र
भाबडा प्रश्न. थायमस म्हणजेच थायरॉइड का?

क्ष_किरण
@वाचनमात्र, नाही. थायरॉइड गळ्यात, थायमस छातीत, मधल्या हाडाच्या मागे आणि हृदयाच्या वरच्या भागापुढे. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी इथे तयार होऊन बाहेर पडतात. टी पेशींमधला टी हा थायमसचाच. या ग्रंथीचं हे काम १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवून दिलं, त्याआधी तिचा उपयोग कुणाला नीट माहीत नव्हता. शरीराच्या मानाने ती बाळपणी सर्वांत मोठी असते, वयात येईपर्यंत वाढते, आणि मग तिची जागा हळूहळू चरबी घेते. मराठीत यौवनलोपी ग्रंथी असा शब्द आहे तो याचमुळे.

आता मूळ मुद्दा. मी नवी मुंबईत रेडिओलॉजिस्ट आहे. ताईंशी मी निम्मा सहमत आहे. आधी आम्ही फिल्मवर काय बघतो ते सांगतो, कारण निम्मी भीती तिथेच जाते.

थायमस मऊ असतो, सगळं यातच आलं. मऊ असल्यामुळे पुढच्या बरगड्यांचा दाब त्याच्यावर उमटतो आणि त्याची कड हलक्या लाटांसारखी दिसते. मऊ असल्यामुळे तो श्वासनलिकेला ढकलत नाही, रक्तवाहिन्यांना दाबत नाही. त्याच्या सावलीतून फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आरपार दिसतात. न्यूमोनियाच्या पांढऱ्या भागात त्या बुडून जातात, आणि त्यात हवेने भरलेल्या श्वासनलिकांच्या काळ्या रेघा दिसू शकतात. थायमसमध्ये अशा काळ्या रेघा दिसत नाहीत. थायमस जिथे हृदयाला भेटतो तिथे बऱ्याचदा एक छोटी खाच दिसते. आणि ताईंनी सांगितलेला त्रिकोण, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, त्याला आम्ही शिडाचं चिन्ह म्हणतो.

श्वास सोडलेल्या फिल्मवर तोच थायमस रुंद दिसतो, आत ओढलेल्यावर सडपातळ. बाळ वळलं तर एका बाजूला जास्त दिसतो. तान्ह्या बाळाचा फोटो सहसा झोपवून, समोरून काढलेला असतो, त्यात हृदयही मोठं भासतं. थायमस हृदयावर पसरलेला असेल तर 'हृदय वाढलंय' असाही समज होतो. ओवीच्या बाबतीत काय झालं असेल याचा मला अंदाज येतो. दोन-तीन वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं, पाच वर्षांनंतर क्वचित.

निम्मा असहमत का, ते रात्री लिहितो. ओपीडी सुरू झाली.

चेंदणीकर
शिडाचं चिन्ह! माझे आजोबा चेंदणी कोळीवाड्यातले, शिडाच्या होडीने खाडीत जायचे. मी लहान असताना त्यांच्या होडीत बसलोय. शीड भरलं की त्याची एक कड डोलकाठीकडे सरळ आणि दुसरी फुगलेली. वारा पडला की सुरकुतायचं. डॉक्टरांनी लिहिलंय तसंच, श्वास आत-बाहेर होताना बदलणारं. धाग्यातले सगळे आईबाबा, आता त्या त्रिकोणाकडे होडी म्हणून बघा.

रबाळेकर
@चेंदणीकर, ठाणे खाडीत अजून शिडाच्या होड्या आहेत का? विषयांतराबद्दल क्षमस्व.

चेंदणीकर
आता सगळ्या इंजिनच्या. वेगळा धागा काढतो, त्यावर खूप लिहायचंय.

बालवैद्य_कोपरखैरणे
ओवीच्या आईचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. यात आपल्याकडची आणखी एक बाजू आहे ती लिहितो.

आपल्याकडे मूल खोकतंय, वजन वाढत नाही आणि फोटोत छातीच्या मध्यभागी काही पांढरं दिसलं की 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' हे शब्द ऐकायला मिळतात. म्हणजे बालक्षय. आणि मग सहा महिने टीबीची औषधं. माझ्याकडे दिघ्याहून एक वर्षाची मुलगी आली होती, औषधं सुरू होऊन दोन महिने झालेले. घरात कुणाला टीबी नाही, मँटू (टीबीसाठी त्वचेवर करतात ती चाचणी) निगेटिव्ह, जठरातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत काही नाही. मूळ फिल्म मागवली. उजवीकडे सुंदर शीड. सोनोग्राफी केली, थायमस. औषधं थांबवली, मुलगी आता शाळेत जाते.

टीबीच्या गाठी सहसा फुफ्फुसाच्या मुळाशी असतात, गोलसर, एकाला एक चिकटलेल्या, कधी श्वासनलिकेला दाबणाऱ्या. थायमस त्याच्या वर आणि पुढे. बाजूने काढलेल्या फोटोत तो छातीच्या हाडामागची मोकळी जागा भरतो. एकाच फोटोवर ठरत नसेल तर पोराची तब्येत, घरातला संपर्क, वजनाचा तक्ता आणि सोनोग्राफी बघावी. टीबी आपल्याकडे खरोखर खूप आहे, म्हणून ती शंका घेणं चूक नाही. पण थायमस आठवायचा राहून जातो आणि एवढ्याशा जिवाच्या पोटात सहा महिने नको ती औषधं जातात, हे मला सहन होत नाही.

घोडबंदरकर
सगळ्यांचं वाचलं. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, राग मानू नका.

माझा भाचा नऊ वर्षांचा. तीन आठवडे खोकला. फोटोत छातीच्या मध्यभागी रुंद सावली. जिथे दाखवलं तिथे म्हणाले, "मुलांना थायमस असतो, काळजी करू नका." आम्ही निश्चिंत झालो. पंधरा दिवसांनी तो आडवा झोपू शकेना, उशा लावून बसून झोपायचा. सकाळी चेहरा सुजलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या. लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग निघाला. ते पंधरा दिवस माझ्या बहिणीच्या मनातून आजही जात नाहीत.

पुढे खारघरला टाटाच्या केंद्रात उपचार झाले, आज तो कबड्डी खेळतो. पण 'थायमस असेल' हे वाक्य आमच्या घरात फार महाग पडलं.

ओवीची_आई
@घोडबंदरकर, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. काय सोसलं असेल तिने. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

क्ष_किरण
@घोडबंदरकर, यात राग कसला? माझी निम्मी असहमती याच्यासाठीच होती.

नऊ वर्षांच्या मुलाच्या फोटोत मध्यभाग रुंद दिसला तर 'थायमस' म्हणून सोडता येत नाही. वय हा पहिला प्रश्न. मग श्वासनलिका सरकली आहे का? कड टणक, गाठीगाठींची आहे का? आत चुन्याचे पांढरे ठिपके आहेत का? आडवं झोपता येत नाही, चेहरा सुजतो, मानेच्या शिरा दिसतात, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. सोनोग्राफीची वाट बघू नका.

आणखी एक, डॉक्टर वाचत असतील त्यांच्यासाठी. थायमस स्टिरॉइडने आठवड्याभरात आकसतो. म्हणून पूर्वी 'थोडं स्टिरॉइड देऊन बघू, लहान झाला तर थायमस' असं करायचे. कृपया करू नका. लिंफोमाही स्टिरॉइडने आकसतो, निदान झाकलं जातं आणि मूल परत येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता ताईंच्या ओळीबद्दल. मला भीती वाटते ती 'थायमस ठळक आहे' या वाक्याची. रिपोर्टात 'प्रॉमिनंट थायमस' लिहिलं की पुढचा डॉक्टर सीटी सांगतो, कारण ठळक म्हणजे काहीतरी जास्त असा अर्थ निघतो. साध्या एक्सरेपेक्षा सीटीत किरणांचा डोस कितीतरी पटींनी जास्त, आणि तान्ह्या बाळाला गुंगी द्यावी लागू शकते ते वेगळंच. तेव्हा लिहायचं तर स्पष्ट लिहावं, अर्धवट लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं असं माझं आजवरचं मत होतं.

घोडबंदरकर
धन्यवाद डॉक्टर. एक विचारायचं राहिलं. भाच्याची केमो संपल्यावर काही महिन्यांनी स्कॅनमध्ये त्याच जागी पुन्हा सावली दिसली होती. घरात पुन्हा सुतक पसरल्यासारखं झालं. तिथल्या डॉक्टरांनी 'थायमस परत वाढतोय' म्हणून थांबायला सांगितलं आणि पुढच्या स्कॅनला ती कमी झाली होती. आम्हाला तेव्हा ते पटतच नव्हतं.

क्ष_किरण
बरोबर सांगितलं त्यांनी. केमोत थायमस खूप आकसतो. उपचार संपल्यावर मुलांमध्ये तो परत वाढतो, कधी आधीपेक्षाही मोठा. आजार उलटला की थायमस परत आला हे ठरवणं अवघड असतं, आणि एकदा पोळलेल्या घराला थांबायला सांगणं त्याहून अवघड. तिथे आधीचे सगळे स्कॅन शेजारी शेजारी ठेवूनच निर्णय होतो.

जुनेपाने
इतिहासाची आवड म्हणून लिहितो. थायमस न ओळखल्याची किंमत जगाने एकदा फार मोठी मोजली आहे.

एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदनासाठी मिळणारी मुलं बहुतेक गरिबाघरची, दीर्घ आजाराने, उपासमारीने गेलेली. आजारपणात थायमस आकसतो, त्यामुळे डॉक्टरांना तो लहानच दिसायचा. मग एखादं धट्टंकट्टं बाळ झोपेत अचानक गेलं की त्याचा थायमस 'मोठा' वाटायचा. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी त्याला एका विकाराचं रूप दिलं. मोठा थायमस श्वास कोंडतो असंही मानलं गेलं. रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले होतेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून निरोगी तान्ह्या बाळांच्या छातीवर किरणोपचार करून थायमस लहान करू लागले. अमेरिकेत हे काही दशकं चाललं.

थायरॉइड तिथून चार बोटं वर. १९५० मध्ये डफी आणि फिट्झगेराल्ड या डॉक्टरांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या २८ मुलांची माहिती छापली. त्यांतल्या १० जणांना बाळपणी थायमसवर किरण दिलेले होते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. ती सगळी बाळं ठणठणीत होती.

बालवैद्य_कोपरखैरणे
@जुनेपाने, फार महत्त्वाचं लिहिलंत. भरपूर थायमस ही बाळ नीट पोसलं गेल्याची खूण असते, हे मी आईबाबांना आवर्जून सांगतो.

सीवूड्सची_माऊ
वाचतेय आणि आता वेगळीच काळजी. माझा मुलगा चार वर्षांचा, गेल्या महिन्यात न्यूमोनिया झाला होता. त्याच्या फोटोत त्रिकोण वगैरे काहीच नाही. म्हणजे प्रतिकारशक्ती कमी का?

बालवैद्य_कोपरखैरणे
अजिबात नाही. चार वर्षांच्या मुलात तो न दिसणं नेहमीचं आहे. त्यात न्यूमोनियासारख्या आजारात थायमस आकसतो, बरं झाल्यावर परत भरतो. ग्रंथी असते, सावली दिसत नाही एवढंच.

नवजात किंवा दोन-तीन महिन्यांच्या बाळात थायमस अजिबात नसणं कधी कधी महत्त्वाचं असतं, तेही बाकी खुणा असतील तर. हृदयाचा जन्मजात दोष, कॅल्शियम कमी होऊन झटके, यांच्या जोडीला थायमस दिसत नसेल तर डायजॉर्ज सिंड्रोम हा जन्मजात विकार तपासतो. किंवा वारंवार गंभीर संसर्ग, वजन न वाढणं, जुलाब थांबत नाहीत, तेव्हा प्रतिकारशक्तीचे जन्मजात आजार बघतो. अशा बाळांना बीसीजीसारख्या जिवंत लसी धोक्याच्या ठरू शकतात. पण हे दुर्मीळ. तुमच्या पिल्लाला खाऊ द्या आणि खेळू द्या.

सीवूड्सची_माऊ
खूप खूप आभार डॉक्टर. आत्ता तो पलंगावरून उड्या मारतोय.

फिल्मवाली_नौपाडा
दोन दिवस ड्युटी होती, आता सगळं निवांत वाचलं. घोडबंदरकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी 'प्रत्येक तान्ह्या बाळाच्या' असं लिहिलं होतं ते बरंच झालं. मोठ्या मुलांसाठी ही ओळ डोळे झाकून छापायची नाही, हे आता पक्कं कळलं.

माझ्या हातात जे आहे ते मी सुरू केलंय. बाळ वळू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना चादरीच्या गुंडाळ्या लावते. धरणाऱ्याला आधी एकदा कोरडा सराव देते. आणि रडण्याचे दोन-तीन श्वास नुसते ऐकते, बटणावर बोट ठेवून. काल नऊ महिन्यांच्या मुलीचा फोटो असा सुरेख आला की दोन्ही बाजूंच्या बरगड्या अगदी सारख्या, श्वास पूर्ण आत. थायमस होता, पण सडपातळ, बघितल्याशिवाय कळलाही नसता.

आमच्या डॉक्टरांशीही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वाक्य नेमकं काय लिहायचं ते सुचव. @क्ष_किरण, तुम्ही सांगाल का?

क्ष_किरण
जुनेपाने यांचा प्रतिसाद आणि ओवीच्या आईचे ते दोन दिवस वाचून माझं मत बदललं, हे आधी कबूल करतो. दोन वर्षांखालच्या बाळाच्या फोटोत थायमस दिसत असेल आणि वरच्या सगळ्या खुणा जुळत असतील तर मी असं लिहीन: 'वरच्या मीडियास्टिनममधली सावली नॉर्मल थायमसची आहे. श्वासनलिका मध्यभागी आहे. पुढील तपासणीची गरज नाही.' आणि मला स्वतःला शंका असेल तर: 'बहुधा थायमस, सोनोग्राफीने खात्री करावी.' ठळक हा शब्द दोन्हीकडे नाही. 'पुढील तपासणीची गरज नाही' हे शब्द गाळू नका, डॉक्टर आणि आईबाबा दोघेही तेच शोधत असतात.

फिल्मवाली_नौपाडा
लिहून घेतलं. उद्या सकाळी डॉक्टरांना देते. कळव्याच्या बाबांनाही मी आमच्या डॉक्टरांशी बोलायला लावलं होतं. दहा मिनिटं समजावलं त्यांनी. काल ते बाळाला घेऊन आले होते, नुसतं भेटायला. खोकला गेलाय.

ओवीची_आई
किती छान! एक शेवटचं विचारते. ओवीची ती जुनी फिल्म ठेवू की टाकून देऊ? सासूबाई म्हणतात, घरात नको.

क्ष_किरण
ठेवा. सोनोग्राफीचा रिपोर्टही त्याच पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख आणि ओवीचं तेव्हाचं वय लिहा. पुन्हा कधी छातीचा फोटो काढायची वेळ आली तर ते पाकीट सोबत न्या. सासूबाईंना सांगा, आतला रिपोर्ट चांगला आहे.